‘शिवू नकोस!’ : एका शब्दाची कुळकथा

आमच्या घरी दिवाळीची पहिली चाहूल लागे ती दिव्यांनी नव्हे की फटाक्यांनी नव्हे, तर एका हाकेने. वसुबारस जवळ आली की स्वयंपाकघरातून आजीचा खणखणीत आवाज माजघर ओलांडून पडवीपर्यंत येई, “शिवू नकोस रे!” आजी सोवळे नेसून फराळाला बसलेली असे. चुलीपासून दोन हातांवर कोळशाची एक रेघ ओढलेली असे आणि त्या रेघेच्या अलीकडे आम्ही भावंडे ओळीने उभी राहून करंज्यांचा वास घेत असू. वासाला विटाळ नव्हता, एवढेच आमचे भाग्य!

रत्नागिरी जिल्ह्यातल्या आमच्या गावी दिवाळी म्हणजे पोहे. दूधपोहे, दहीपोहे, गूळपोहे, फोडणीचे पोहे. अभ्यंगस्नान झाले, कारेटे फोडले, की पाटावर बसायचे ते पोह्यांसाठीच. हे पोहे नव्या भाताचे असत आणि ते कांडायला मागील दारी एक बाई येई. आम्ही मुले तिला नुसते ‘कांडपीणबाई’ म्हणत असू. तिचे खरे नाव आम्हांला ठाऊक नव्हते आणि ते विचारावे असेही कधी कुणाला वाटले नाही. दोन दिवस तिच्या मुसळाचा ठेका घरभर घुमे. तिच्याच हातून सुपात पडलेले पोहे आजी उचलून आत नेई. पण एकदा का त्यांना पाण्याचा, दुधाचा हात लागला, की कांडपीणबाईची सावलीसुद्धा त्यांच्यावर पडता कामा नये. तिच्या वाटणीचे पोहे केळीच्या पानात बांधून वरून तिच्या पदरात टाकले जात.

मी एकदा आजीला विचारले, “कांडले तिने, मग शिवले तर काय होते?” आजी म्हणाली, “कोरड्याला विटाळ नसतो, ओल्याला असतो.” उत्तर असे ठाम होते, की पुढे काही विचारायची सोयच नव्हती. मी गप्प बसलो. पण तो प्रश्न मात्र गप्प बसला नाही. पुढे इतिहासाच्या नादाने पुस्तके चाळू लागलो, तेव्हा तो मला कोकणातल्या त्या मागील दारापासून थेट पॅसिफिक महासागरातल्या बेटांपर्यंत घेऊन गेला. त्या प्रवासाची हकीकत या दिवाळीत वाचकांना सांगावी म्हणतो.

हल्ली वर्तमानपत्रांतून आणि भाषणांतून एक शब्द वारंवार कानी पडतो : टॅबू. अमुक विषय आपल्याकडे टॅबू आहे, तमुक गोष्ट बोलणे टॅबू आहे. शब्द इंग्रजीतून आला, म्हणून पुष्कळांना तो इंग्रजांचाच वाटतो. पण तो इंग्रजांच्या घरचा नाही. तो त्यांना सापडला टोंगाच्या बेटांवर, इ. स. १७७७ मध्ये.

कॅप्टन जेम्स कुक त्या वर्षी आपल्या तिसऱ्या सफरीवर ‘रेझोल्यूशन’ आणि ‘डिस्कव्हरी’ ही दोन जहाजे घेऊन टोंगाला पोहोचला होता. बेटांवरच्या मानकऱ्यांना त्याने जेवायला बोलावले. माणसे आली, हसली, बोलली. पण पानावर कुणी बसेना, घास कुणी उचलेना. कारण विचारले की एकच शब्द ऐकू येई, ‘तापू’. एका बाईला दुसरी बाई घास भरवताना दिसली. बाई धडधाकट, हाताला काही इजा नाही. चौकशी केल्यावर कळले, की तिने एका सरदाराच्या प्रेताला स्नान घातले होते. आता पाच महिने तिने स्वतःच्या हाताने अन्नाला शिवायचे नाही. कुकने हा शब्द रोजनिशीत टिपला आणि त्याचा अर्थ फार व्यापक असला तरी सामान्यतः मनाई केलेली गोष्ट असा आहे, असे नोंदवून ठेवले. १७७९ मध्ये कुक हवाई बेटावर मारला गेला. १७८४ मध्ये त्याच्या सफरीचा वृत्तांत लंडनला छापून निघाला आणि त्याबरोबर हा शब्दही युरोपभर हिंडू लागला.

कुकला या प्रकाराचे मोठे नवल वाटले. मला मात्र ते वाचताना नवल वाटले नाही. प्रेताला हात लावलेली ती बाई म्हणजे सुतकातली बाई, हे कोणाही मराठी घरातल्या पोराने सांगितले असते. आमच्या आजीला टोंगा पृथ्वीच्या कोणत्या कोपऱ्यात आहे हे ठाऊक नव्हते; पण टोंगातल्या एखाद्या आजीशी तिची चांगली गट्टी जमली असती!

या शब्दाची एक खुबी आहे. ‘तापू’ म्हणजे नुसते वाईट, घाणेरडे, म्हणून टाकलेले, असे नव्हे. तापू म्हणजे पवित्रही. ज्या मोठ्या बेटावर कुक उतरला त्याच्या नावातच हा शब्द आहे : टोंगाटापू. तिथला राजाही तापू आणि प्रेतही तापू. देवाची जागाही तापू आणि त्या जागेत आगंतुकपणे शिरलेला माणूसही तापू. पलीकडे न्यूझीलंडात माओरी लोकांतही शब्द तोच. हवाईत ‘त’चा ‘क’ झाला आणि शब्द झाला ‘कापू’. त्याच्या उलट शब्द ‘नोआ’. म्हणजे मोकळे, साधे, ज्याला कुणीही शिवावे असे. सर जेम्स फ्रेझर याने १८८८ मध्ये एन्सायक्लोपीडिया ब्रिटानिकात या विषयावर लेख लिहिला, १९१३ मध्ये फ्रॉइडने तर त्यावर एक ग्रंथच केला. या पंडितांना कोडे पडले ते हेच : पवित्र आणि अपवित्र या दोन टोकांना एकच शब्द कसा?

पण आपल्या घरातल्या शब्दांकडे पाहिले तर कोडे इतके अवघड वाटत नाही. अरबीतून आपल्याकडे आलेला ‘हराम’ घ्या. मराठीत तो शिवीपुरता उरला. हरामखोर म्हणजे खरे तर निषिद्ध अन्न खाणारा. पण त्याच धातूपासून मक्केच्या पवित्र आवाराचे ‘हरम’ हे नाव झाले, राजवाड्यातल्या जनानखान्याचे ‘हरम’ झाले आणि ज्या महिन्यात लढाई करायची नाही तो पवित्र ‘मोहरम’ झाला. पायाचा अर्थ एकच : इथे कुंपण आहे, आत पाऊल टाकू नका. कुंपणाच्या आत देव आहे की दोष आहे, हे पुढचे.

आणि आपले ‘सोवळे’? पूजेच्या वेळी नेसायचा रेशमी मुकटा म्हणजे सोवळे. मात्र ‘सोवळी’ म्हटले की डोळ्यांपुढे येई ती केशवपन केलेली, लाल आलवणातली विधवा. आमच्या घरात आजोबांची एक थोरली बहीण होती. नवव्या वर्षी लग्न, बाराव्या वर्षी वैधव्य. देवाचा नैवेद्य रांधायला तिच्याइतके चोख सोवळे कुणाचे नव्हते. पण मंगलकार्यात तिचे तोंड पुढे यायचे नाही. एकच शब्द तिला देवघरात नेई आणि तोच शब्द तिला हळदीकुंकवातून बाहेर काढी. फ्रेझर-फ्रॉइडांच्या ग्रंथांनी मला जे समजावले, ते आत्येआजी पन्नास वर्षे अंगावर नेसून वावरत होती.

मराठीत मनाईचे शब्द थोडे नाहीत आणि प्रत्येकाचा बाज निराळा. ‘निषिद्ध’ म्हटले की शास्त्राची पोथी उघडते. ‘मनाई’ आणि ‘बंदी’ म्हटले की सरकारी पाटी दिसते. ‘वर्ज्य’ हा त्यांतला सर्वांत सभ्य शब्द. भूपात मध्यम आणि निषाद वर्ज्य. म्हणजे ते स्वर वाईट नव्हेत, शेजारच्या रागात तेच राज्य करतात. पण इथे ते आले तर भूप भूप राहणार नाही. मनाईची इतकी गोड कल्पना दुसरी सापडणे कठीण. मात्र ‘विटाळ’ या शब्दाला ही सभ्यता नाही. तो वस्तूवरून माणसावर चढतो आणि एकदा चढला की पिढ्यान्‌पिढ्या उतरत नाही.

मनाई हातापुरती थांबत नाही. ती जिभेवरही बसते. ताहितीत राजाच्या नावातले शब्द प्रजेने बोलायचे नाहीत अशी रीत होती. तिथल्या राजाने ‘पोमारे’ हे नाव घेतले. ‘पो’ म्हणजे रात्र, ‘मारे’ म्हणजे खोकला. झाले! साऱ्या बेटाने रात्रीला आणि खोकल्याला दुसरे शब्द शोधले. हे वाचून हसू येते; पण आपल्या आज्या-पणज्यांनी नवऱ्याचे नाव जन्मभर ओठांवर आणले नाही आणि नवऱ्याच्या नावाशी जुळणारे रोजचे शब्दही फिरवून घेतले, ते काय निराळे होते? ज्या नावाला एरवी बंदी, ते वर्षातून चार वेळा सर्वांसमक्ष घेण्याची पळवाट म्हणजे आपला उखाणा. एवढी सुंदर पळवाट ताहितीच्या लोकांना सुचली होती की नाही कोण जाणे.

शिवाय आपल्याकडे दिवा विझत नाही, तो मालवतो किंवा त्याला निरोप देतात; बांगडी फुटत नाही, ती वाढवते; नारळही वाढवतात. रात्री सापाचे नाव घ्यायचे नाही, ‘लांबडे’ किंवा ‘जनावर’ म्हणायचे. देवी आल्या म्हणायचे, रोग आला म्हणायचे नाही. दारातून निघताना ‘जातो’ म्हटले की आजी तिथल्या तिथे दुरुस्ती करी, “येतो म्हण.” ही मनाई मात्र मी आजही मोडीत नाही. काही कुंपणे माणसाला कोंडण्यासाठी घातलेली नसतात, त्याला परत बोलावण्यासाठी असतात.

या रूढींत शहाणपणही असे, हे नाकारता येत नाही. हवाईत ‘ओपेलू’ आणि ‘आकू’ या दोन माशांवर आळीपाळीने कापू असे. एकाची मुभा असेल तेव्हा दुसऱ्याला हात लावायचा नाही. माशांची पैदास टिकावी ही त्यातली मेख. आमच्या किनाऱ्यावर पावसाळ्यात होड्या ओढून ठेवायच्या आणि नारळी पौर्णिमेला समुद्राला नारळ दिल्यावरच त्या लोटायच्या, हीही त्याच जातीची रीत. सह्याद्रीतल्या देवराया पाहा. देवाच्या भयाने तिथली काटकीसुद्धा कुणी उचलली नाही, म्हणून आज तिथे जुने वृक्ष तरी दिसतात. १७७९ मध्ये केआलाकेकुआच्या उपसागराकाठी कुकच्या लोकांनी वेधशाळेसाठी एक शेत मागून घेतले, तेव्हा तिथल्या पुरोहितांनी भोवती नुसत्या काठ्या रोवल्या. जागा कापू झाली. पहारेकऱ्यांच्या बंदुकांना जे साधले नसते ते त्या काठ्यांनी साधले. एकही माणूस आत आला नाही.

पण काठी रोवणारा हात कुणाचा, हा प्रश्न शेवटी विचारावाच लागतो. हवाईतला सर्वांत मोठा कापू समुद्रावर नव्हता, तो जेवणावर होता. त्याचे नाव ‘आई कापू’. स्त्रियांनी आणि पुरुषांनी एकत्र जेवायचे नाही. अन्न शिजवायचे पुरुषांनीच, आणि तेही दोन निरनिराळ्या भट्ट्यांत. डुकराचे मांस, नारळ, बहुतेक जातींची केळी आणि काही मासे स्त्रियांना बंद. मोडील त्याला मृत्यू. ज्या बेटांवर नारळ आणि केळी अंगणात, तिथल्या बायकांनी त्यांच्याकडे नुसते पाहायचे! मला आमची कोळशाची रेघ आठवली.

मग कुकच्या पाठोपाठ परदेशी गलबते येऊ लागली. त्यांच्यावर गेलेल्या स्त्रियांनी खलाशांबरोबर निषिद्ध पदार्थ खाल्ले. आकाश कोसळले नाही. परके लोक तर रोजच कापू मोडीत होते आणि त्यांचे देव काही त्यांना शिक्षा करीत नव्हते. चाळीस वर्षे ही गोष्ट लोकांच्या मनात मुरत राहिली. मे १८१९ मध्ये सर्व बेटे एका छत्राखाली आणणारा थोर राजा कामेहामेहा मरण पावला. त्याचा मुलगा लिहोलिहो गादीवर आला. पण खरी सत्ता आली ती कामेहामेहाची लाडकी राणी काआहुमानू हिच्या हाती. तिने नव्या राजासमोर जाहीर केले, की राज्य आपण दोघे चालवू. लिहोलिहोची आई केओपुओलानी ही तर कुळाने इतकी उच्च, की तिच्यापुढे लोकांना जमिनीवर लोटांगण घालावे लागे. कापूने जिला देवतेच्या जागी बसवले होते, त्याच बाईने आपल्या धाकट्या मुलाला जवळ घेऊन त्याच्याबरोबर जेवण केले. राजा मरण पावल्यावर सुतकाच्या दिवसांत कापू शिथिल होण्याची तिथे चाल होती. नव्या राजाने तो पुन्हा घालायचा असे. आता प्रश्न होता तो हाच : लिहोलिहो ती काठी पुन्हा रोवतो की नाही?

बिचारा लिहोलिहो! विशीबाविशीतला पोर. दोन दिवस तो होडीत बसून समुद्रावर फिरत राहिला आणि मद्याचा आधार घेत राहिला, असे सांगतात. नोव्हेंबर १८१९ मध्ये कैलुआ येथे मेजवानी झाली. पुरुषांचे मेज वेगळे, स्त्रियांचे वेगळे. राजा उठला, प्रत्येकजण काय खातो ते पाहत असल्यासारखा दोन्ही मेजांभोवती घुटमळला, आणि एकाएकी स्त्रियांच्या मेजाशी रिकाम्या खुर्चीवर बसून भराभरा खाऊ लागला. मनातली घालमेल तोंडावर दिसत होती. क्षणभर सारे स्तब्ध झाले. मग टाळ्यांचा कडकडाट झाला. जेवण आटोपताच त्याने देवळे आणि मूर्ती मोडण्याचा हुकूम दिला आणि त्या कामात मुख्य पुरोहित हेवाहेवा स्वतः पुढे झाला. मौज अशी, की बोस्टनहून निघालेले ख्रिस्ती मिशनरी त्या वेळी अजून समुद्रावरच होते. ते १८२० मध्ये बेटांवर पोहोचले तेव्हा जे मोडायला आलो ते आधीच मोडलेले आहे, असे त्यांना दिसले.

हे सारे सुखासुखी झाले असे मात्र नाही. राजाचा चुलतभाऊ केकुआओकलानी याच्याकडे कामेहामेहाने युद्धदेवाची मूर्ती सोपवली होती. त्याला हा अधर्म सहन झाला नाही. त्याच वर्षी डिसेंबरात कुआमोओच्या लाव्हाच्या माळावर लढाई झाली. केकुआओकलानी पडला आणि त्याच्या शेजारी लढणारी त्याची बायको मनोनो हीही पडली. स्त्रियांची मनाई मोडण्याविरुद्ध लढताना एक स्त्री पडली. इतिहास असा सरळ रेघेत चालत नाही. आणखी सांगतो. ज्या काआहुमानूने जुनी मनाई मोडली, तिनेच पुढे ख्रिस्ती झाल्यावर १८३० मध्ये सार्वजनिक हुला नृत्याला बंदी घातली. एक काठी उपटली, दुसरी रोवली!

असो. इतके दूर जाऊन मला कळले ते हे, की पिढ्यान्‌पिढ्यांची भिंत एका जेवणात पडू शकते. पण तिथे ती पाडणारी माणसे भिंतीच्या माथ्यावर बसलेली होती. राजा, राण्या आणि मुख्य पुरोहित. जे पायथ्याशी दडपलेले असतात त्यांना ही सोय नसते. आमच्या कुलाबा जिल्ह्यातले महाड घ्या; आज त्या जिल्ह्याला रायगड म्हणतात. मुंबईच्या कायदेमंडळाने १९२३ मध्ये बोले यांचा ठराव केला, की सरकारी पैशातून चाललेले पाणवठे सर्वांना खुले असावेत. महाडच्या नगरपालिकेने चवदार तळे खुले केल्याचे जाहीरही केले. कागदावरची काठी निघाली. मनातली निघाली नाही. २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर हजारो माणसे घेऊन त्या तळ्यावर गेले आणि ओंजळभर पाणी प्याले. गुरेढोरे ज्या पाण्यात उतरत होती, त्या पाण्याला माणसाच्या ओंजळीने विटाळ झाला म्हणून नंतर ते गोमूत्र-शेण घालून ‘शुद्ध’ करण्यात आले. घरी परतणाऱ्या माणसांना मारहाण झाली. उच्च न्यायालयाचा निकाल त्यांच्या बाजूने लागायला १९३७ साल उजाडले. लिहोलिहोला टाळ्या मिळाल्या, महाडच्या माणसांना काठ्या. कृती एकच : जे खायला-प्यायला मना आहे ते सर्वांदेखत खाणे-पिणे.

आता घरची गोष्ट सांगून संपवतो. आजी ऐंशीच्या घरात अंथरुणाला खिळली. त्या वर्षीही नव्या भाताचे पोहे कांडायचे होते आणि कांडपीणबाई, आता स्वतःही म्हातारी झालेली, सवयीने मागील दारी आली होती. आई विहिरीवर गेली होती. मी पडवीत होतो. आतून आजीची हाक आली, “कुणी आहे का गं? पाणी दे.” मुसळाचा ठेका थांबला. मी उठण्यापूर्वीच कांडपीणबाई उंबऱ्यापाशी येऊन उभी राहिली होती. आयुष्यात तिने तो उंबरा ओलांडला नव्हता. ती माझ्याकडे पाहत होती आणि मी, लाज वाटते सांगायला, आजीकडे पाहत होतो. कॉलेजात शिकत होतो, महाडचा इतिहास तोंडपाठ होता. पण ‘आत ये’ हे दोन शब्द माझ्या तोंडून निघाले नाहीत.

ती आत आली. तांब्यातले पाणी तिने भांड्यात ओतले, आजीच्या मानेखाली हात घालून तिला उठवले आणि भांडे ओठांना लावले. आजीने डोळे उघडून तिच्याकडे पाहिले. तिने ओळखले, यात मला तिळमात्र शंका नाही. मग ती सावकाश सगळे पाणी प्याली. टाळ्या वाजल्या नाहीत. आजीने एवढेच विचारले, “तुझं नाव काय गं?”

बाईने नाव सांगितले. ते मी इथे लिहीत नाही. ते तिचे आहे. इतकी वर्षे त्या घरात जे नाव कुणी घेतले नव्हते ते आजीने एकदा हळू उच्चारून पाहिले, आणि पुन्हा डोळे मिटले. थोड्या वेळाने मागील दारी मुसळ पुन्हा वाजू लागले.

आज आमच्या घरी पोहे बाजारातून पिशवीत येतात. ते कुणी कांडले, कुणाच्या हाताने भरले, कुणी विचारीत नाही. कोळशाची रेघ कधीच पुसली गेली. हवाईत म्हणे आजही खासगी जागेच्या फाटकावर ‘कापू’ अशी पाटी लावतात. तिचा अर्थ उरला आहे तो ‘आत येण्यास मनाई’ एवढाच. मोठमोठ्या शब्दांचा शेवट असा पाट्यांवर होतो, हे एका परीने बरेच आहे. पण नरकचतुर्दशीला पाटावर बसताना मला अजून वाटते, की काही पाट्या आपण फाटकावरून काढल्या आणि नकळत मनात नेऊन लावल्या. या दिवाळीत फराळाचे ताट कुणाच्या हाती देताना तो हात थोडा वरच थबकतो का, एवढे ज्याने त्याने पाहावे.